बाकावरचा हात

बसा की. उभ्याउभ्या ऐकून संपेल इतकी माझी गोष्ट लहान नाही, आणि आल्यागेल्याला बसवून घेणं हाच माझा धंदा आहे. जरा डाव्या बाजूला बसा, आणि गुडघे वर येतील, तेवढं सांभाळून घ्या. मी बाक आहे, पण बुटका. बनवला मुलांच्या मापाने आणि बसतात मोठी माणसं, असं माझं आयुष्य.

मला घडवणारा सुतार हाताने फार चांगला आणि तोंडाने फार फटकळ होता. केंद्राकडून त्याच्याकडे कागद आला होता, की बाकाची उंची अशी ठेवा की तीन वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सुताराने कागद उलटा करून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

"मग मोठ्यांनी काय उकिडवं बसायचं?" त्याने कागद आणणाऱ्या कारकुनाला विचारलं.

"आमच्याकडे मुलं महत्त्वाची," कारकून म्हणाला.

"अहो, मुलं कधी बसतात का? मुलं पळतात. बसतात त्यांचे आईबाप." असं म्हणत त्याने मला कागदाबरहुकूमच बनवलं, कारण वाद घालणं त्याला आवडायचं आणि हरणंही चालायचं. माझ्या फळ्या एका जुन्या दाराच्या. रंधा मारून त्याने मला असं गुळगुळीत केलं की मुलांच्या मांडीला कुसळ टोचू नये.

तर हे केंद्र म्हणजे पालकत्व आणि बालवर्तन संशोधन केंद्र. नाव मोठं, जागा लहान. तीन मजली इमारतीचा मधला मजला. खाली दातांचा डॉक्टर, त्यामुळे जिना चढतानाच मुलं आईला विचारायची, "टुचुक करणार?" आई नाही म्हणायची आणि मूल विश्वास ठेवायचं नाही. आत एक खेळघर, त्याच्या एका भिंतीत मोठी काच. काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत बसून केंद्रातली माणसं मुलांना बघायची. तिकडे जायचा रस्ता मागच्या बाजूने. आणि खेळघराच्या दाराबाहेर एक लांबट व्हरांडा. तिथे पालकांनी थांबायचं.

मी गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात एक गुबगुबीत सोफा होता. सगळ्यांचं मत पडलं की पाहुण्यांना सोफाच बरा. माझी रवानगी जिन्याखाली झाली. दोन वर्षं माझ्या अंगावर फायलींचे गठ्ठे होते. बाकाला बसणारं कुणी नसलं तर तो बाक कसला, नुसती फळी. मी तेव्हा फळीच होतो.

मला बाहेर काढलं मावशींनी.

मावशी केंद्रात मदतनीस म्हणून लागल्या, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. अंगाने स्थूल, गुडघ्याने अधू आणि बोलायला ऐसपैस. त्या माणसांशी जेवढं बोलायच्या तेवढंच वस्तूंशी. तिसऱ्याच दिवशी एक मूल सोफ्यात असं रुतलं की त्याला उठताच येईना. मावशी जिन्याखाली आल्या, माझ्यावरचे गठ्ठे उतरवले आणि मला म्हणाल्या, "चल रे बाबा. लपून किती दिवस राहशील?" ओल्या फडक्याने पुसलं आणि एका टोकाने ओढत मला व्हरांड्यात आणलं. सोफा गेला तो गेलाच.

केंद्रातल्या माणसांना नावं ठेवली तीही मावशींनीच. मुख्य होते ते सर. साठीला टेकलेले, ताडमाड उंच. माझ्यावर बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे आणि ते टोळासारखे दिसायचे. संशोधन करणारी एक बाई होती, पस्तिशीची, चटपटीत. गळ्यात कायम वेळ मोजायचं घड्याळ. चहा किती वेळ उकळला हेसुद्धा ती घड्याळावर बघायची. ती घड्याळबाई. आणि एका कोपऱ्यातल्या खोलीत एक गृहस्थ दिवसभर संगणकासमोर आकड्यांचे तक्ते मांडून बसायचे. ते आकडेबुवा. ही नावं त्यांच्या कानावर गेली होती. घड्याळबाईला तर तिचं आवडायचं.

पालक आत नसले की ही सगळी मंडळी डबे घेऊन माझ्यावर येऊन बसायची. मला सगळं कळतं ते त्यामुळे. जी गोष्ट बैठकीत बोलली जात नाही ती डबा उघडल्यावर बोलली जाते, हा माझा अनुभव आहे.

त्या वेळी घड्याळबाईचं मोठं काम चाललं होतं. आठ आठवड्यांचा पालकांचा वर्ग तिने स्वतः तयार केला होता. मूल रडलं तर काय करावं, आपण बाहेर जाताना कसं वागावं, परत आल्यावर मुलाचा हात हातात कसा घ्यावा, असं बरंच काही. तो वर्ग केलेल्या पालकांची मुलं आणि न केलेल्यांची मुलं, दोघांना खेळघरात आणायचं. आईने "येते हं" म्हणून बाहेर जायचं. पाच मिनिटांनी परत यायचं. मूल फारच रडलं तर आधी. मूल किती सेकंदांत रडं थांबवून पुन्हा खेळायला लागतं, ते काचेमागून घड्याळबाई मोजायची.

वर्गवाले मंगळवारी आणि गुरुवारी यायचे, कारण वर्ग त्याच दिवशी असायचा. बाकीच्यांना सोयीचा म्हणून शनिवार दिला होता. शनिवारी मावशींना सुट्टी. त्या दिवशी व्हरांड्यात पहारेकरी काका बसायचे. ते सज्जन होते, पण मुलांना घाबरायचे.

आणि त्या पाच मिनिटांत आई कुठे असायची? माझ्यावर. काचेमागच्यांना मूल दिसायचं. आई दिसायची मला.

काय सांगू, पाच मिनिटं म्हणजे केवढी! आया मोबाइल काढायच्या, पण अंगठा हलायचा नाही. बाप आले तर उगाच सदरा नीट करायचे. परीक्षा पोराची आणि घाम बापाला. दाराआडून रडणं आलं की नखं माझ्या कडेला रुतायची. माझ्या डाव्या कडेवर अजून ओरखडे आहेत. ते मुलांचे असतील असं सगळ्यांना वाटतं.

कामाच्या पहिल्याच महिन्यात एक मुलगी आली. हिरवा फ्रॉक, पायात मोठ्या बहिणीचे बूट. आई बाहेर आली आणि ती आत असं रडली, असं रडली की श्वास अडकला. आईला लगेच आत सोडलं, मुलगी शांतही झाली, पण मावशी मात्र फरशी पुसायची सोडून फडकं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

जाताना त्या मुलीच्या आईने विचारलं, "माझं काही चुकतंय का हो?" शिकलेल्या माणसांना विचारायचा तिला धीर झाला नसावा.

मावशी माझ्यावर टेकल्या. म्हणाल्या, "चुकत नाही गं. माझी पोर लहान होती तेव्हा मी कामावर जायचे. शेजारणीकडे ठेवायचे तिला. ती खेळायला लागली की हळूच सटकायचे. म्हटलं, रडायला नको. तर पोर काय शिकली? की खेळायला लागलं की आई नाहीशी होते. मग ती खेळेचना. मी मोरीत गेले तरी दाराशी उभी. शेवटी एके दिवशी सांगून गेले. रडली. दुसऱ्या दिवशी सांगून गेले, रडली. आठव्या दिवशी म्हणाली, 'जा, पण कुठे जातेस ते दाखव.' मग कामाची जागा नेऊन दाखवली. त्या दिवसापासून नाही रडली. मुलाला आई गेल्याचं दुःख नसतं. कुठे गेली ते कळत नाही, त्याचं असतं."

आणि पुढच्या मंगळवारी मावशींनी ते सुरू केलं.

एक मुलगा आला. गोल चेहऱ्याचा, आईच्या पायामागे लपलेला. मावशींनी त्याला माझ्यापाशी बोलावलं. फळ्यावर लिहायचा खडू काढला. "तुझा हात ठेव बघू इथे." त्याने भीतभीत हात माझ्यावर ठेवला. मावशींनी खडू त्याच्या बोटांभोवती फिरवला. गुदगुल्या झाल्या तसा तो हसला. हात उचलला, तर माझ्या अंगावर एवढासा पांढरा हात.

"आता तू आत जाऊन खेळणार. मग आई बाहेर येणार. कुठे बसणार?"

मावशींनी माझ्यावर थाप मारली.

"इथे. आणि आपला हात कुठे ठेवणार? तुझ्या हातावर. मग आत येणार. आली की तिचा हात उघडून बघ. पांढरं लागलं असेल तर समज, तुझ्याचजवळ बसली होती."

आई बाहेर आली, माझ्यावर बसली, आणि मावशींच्या सांगण्याप्रमाणे त्या छोट्या हातावर तिने आपला तळवा ठेवला. आतून रडं आलं. थोडंसंच. मग थांबलं. मग खुळखुळा वाजल्याचा आवाज आला. त्या आईने माझी कड धरली नाही. पाच मिनिटं ती तशीच हात ठेवून बसली. तिचा तळवा गरम होता. इतक्या जणांचा भार मी सोसला, पण असं कुणी बसलेलं मला आठवत नाही.

मग हे रोजचंच झालं. दर मंगळवारी-गुरुवारी माझ्या अंगावर हातच हात. जाड बोटांचे, चिकट, एकदा तर गोळीचा रंग लागलेला हिरवा. मूल घरी गेलं की मावशी लगेच ओल्या फडक्याने मला पुसायच्या, कारण बाक स्वच्छ ठेवणं हे त्यांचं काम. त्यामुळे डब्याच्या वेळी कुणाला काही दिसायचं नाही. आयांना वाटायचं, ही केंद्राचीच पद्धत. मुलांशी आधी बोलायचं नाही असा नियम होता, पण तो बैठकीत ठरला होता, आणि बैठकीला मावशी फक्त चहा घेऊन जायच्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तीन वर्षं हे चाललं. घड्याळबाई खुशीत होती. शनिवारच्या मुलांना पुन्हा खेळायला दोन मिनिटं लागायची, वर्गवाल्यांना चाळीस सेकंद. आणखी एक गोष्ट तिला फार आवडली होती. वर्गवाली मुलं आई परत आली की तिचा तळवा उघडून बघायची. "मी वर्गात शिकवते ना, परत आल्यावर हात हातात घ्या म्हणून," ती डबा खाताखाता सांगायची. "त्याचाच परिणाम! विश्वासाची खूण आहे ही. अहवालात एक अख्खं प्रकरण लिहिलंय त्यावर."

मावशी शेजारीच पोळी खात होत्या. त्या म्हणाल्या, "वा! छान." त्यांना वाटलं, खडूचं सगळ्यांना माहीतच आहे.

मोठी परिषद आठ दिवसांवर आली होती. घड्याळबाई तिथे हे काम मांडणार होती. एका दुपारी आकडेबुवा तक्त्याचा कागद घेऊन माझ्यावर येऊन बसले आणि घड्याळबाईला म्हणाले, "सगळं जुळतंय. पण गेल्या वर्षीचा हा एक महिना बघा. वर्गवाली मुलंसुद्धा दोन-दोन मिनिटं रडलीत. पुढच्या महिन्यात परत ठीक. घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही."

"साथ होती का तापाची?"

"पाहिलं. नव्हती."

"खेळणी बदलली होती?"

"नाही. वर्ग तुम्हीच घेतला, खोली तीच, घड्याळ तेच."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मावशी खिडकी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. मला दिसलं. त्या महिन्यात मावशी नव्हत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

ती दोघं उठून गेल्यावर मावशी येऊन माझ्यावर बसल्या. खिशातला खडू काढून त्यांनी हातात धरला. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. घड्याळबाईचं नाव होईल, टाळ्या वाजतील. सांगितलं तर तीन वर्षांचं काम पाण्यात, आणि आपली नोकरी? मुलीचं लग्न झालं होतं, घरी एकट्या. हे केंद्र म्हणजेच त्यांचा गोतावळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळबाई जिना चढून वर आली, तशी मावशींनी तिला हाक मारली. "बाई, जरा बसता?"

घड्याळबाईने घड्याळाकडे पाहिलं, पण बसली. मावशींनी सगळं सांगितलं. हिरव्या फ्रॉकच्या मुलीपासून ऑपरेशनपर्यंत. मग आपला हात माझ्यावर ठेवून त्याभोवती खडू फिरवून दाखवला. "हे असं. म्हणून तळवा बघतात मुलं. पांढरं लागलंय का ते."

घड्याळबाईने त्या हातावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं पांढरं पाहिलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?" तिने विचारलं. आवाज चढला होता.

"कुणी नाही."

"मग?"

"करू नको, असंही कुणी सांगितलं नाही बाई."

"तीन वर्षं! तीन वर्षं मावशी!" ती ताडकन उठली आणि आत निघून गेली. दार एवढ्या जोरात लागलं की माझे पाय थरथरले.

दोन दिवस ती मावशींशी बोलली नाही. मावशींनी खडू खिडकीत ठेवून दिला आणि त्या गुरुवारी मुलांशी बोलल्या नाहीत. आतून रडण्याचे आवाज आले. मावशी जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

शुक्रवारी दुपारी घड्याळबाई आकडेबुवांबरोबर बाहेर आली. डोळे सुजलेले.

"खेळघरातल्या चित्रफिती काढून पुन्हा ऐकल्या," ती त्यांना म्हणाली. "मुलं बोलतात हो आत. आम्ही नीट ऐकलंच नाही. 'आई बाकावर.' 'हात बाकावर.' एक तर दाराकडे बोट दाखवून दहा वेळा म्हणतोय. आणि मी टिपणात काय लिहिलंय माहितीये? 'असंबद्ध बडबड'."

आकडेबुवा चष्मा पुसत राहिले. मग जपून म्हणाले, "एक मार्ग आहे. तो महिना वगळू. खाली टीप टाकू, मदतनीस रजेवर होती म्हणून. खोटंही होणार नाही. परिषद पार पडेल."

"आणि हात?"

"हातांचं कुणी विचारणार नाही."

गळ्यातलं घड्याळ काढून घड्याळबाईने माझ्यावर ठेवलं. त्याची टिकटिक माझ्या फळीत घुमत होती. "माझ्या वर्गात शंभर आईबापांना मी सांगितलंय," ती म्हणाली, "की मुलाशी खोटं बोलू नका, अर्धंसुद्धा. आता त्यांच्याबद्दलच अर्धं खोटं छापू?" तिने घड्याळ उचललं आणि सरांच्या खोलीकडे गेली.

तास झाला. मावशींची पाचावर धारण बसली होती. त्यांनी आपला डबा, छत्री आणि चपलांचा जादा जोड एका पिशवीत भरूनही ठेवला. मग सर बाहेर आले. मागे घड्याळबाई. सर नेहमीसारखे घडी घातल्यागत माझ्यावर बसले.

"मावशी, तो खडू आणा."

मावशींनी आणला.

"आता मी मूल आहे असं समजा. जे करता ते सगळं करा. काही गाळू नका."

"अहो सर, तुम्ही..."

"साडेतीन वर्षांचा आहे मी."

मावशींना हसू आलं आणि भीतीही. पण एकदा कामाला लागल्या की त्या कामालाच लागायच्या. "हात ठेव बघू," त्या म्हणाल्या. सरांनी आपला भलामोठा हात माझ्यावर ठेवला. खडू फिरला. "आता आई बाहेर येणार. इथेच बसणार, तुझ्या हातावर हात ठेवून. कळलं का बाळा?"

सरांनी मान हलवली. खडूच्या त्या हाताकडे ते पाहत राहिले. खाली दातवाल्याचं यंत्र गुंगुं करत होतं.

"तीस वर्षं मी मुलांकडे बघतोय," सर म्हणाले. "आई बाहेर जाऊन कुठे बसते, हे कधी बघायला आलो नाही." मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, की आपण टेकलो होतो तिथेही खडूची भुकटी सांडली होती. विजारीला मागून पांढरं लागलं होतं. ते झटकत झटकत उभे राहिले. "काखेत कळसा नि गावाला वळसा. ती पिशवी कसली भरलीत?"

"मला वाटलं..."

"रिकामी करा. परिषदेला आपण जाणार, पण काय सापडलं ते नाही, काय चुकलं ते सांगायला. आणि मग सगळं पहिल्यापासून."

परिषदेत काय झालं ते मी पाहिलं नाही. आकडेबुवा परत आल्यावर म्हणाले, की घड्याळबाई बोलायला उभी राहिली तेव्हा काही जण हसले, आणि नंतर चहाच्या वेळी तिच्याभोवती सगळ्यांत मोठी गर्दी होती. "सगळ्यांना एकच विचारायचं होतं," ते म्हणाले, "त्या मावशी कुठे भेटतील?"

मग नवं काम सुरू झालं. आता सगळे जण सगळ्या वारी येणार, आणि चिठ्ठी काढून अर्ध्या मुलांचा हात माझ्यावर काढायचा, अर्ध्यांचा नाही, असं ठरलं. इथे मावशी अडून बसल्या.

"म्हणजे अर्ध्यांना मुद्दाम रडवायचं?"

"त्याशिवाय फरक कळणार कसा?" आकडेबुवा म्हणाले.

"मला कळलाय की."

"जगाला कळायला हवा ना, मावशी."

"जगाने इथे येऊन बसावं."

दोन दिवस वाद चालला. शेवटी तोडगा निघाला, की ज्यांचा हात पहिल्यांदा काढला नाही त्यांना महिन्याभरात परत बोलवायचं आणि तेव्हा काढायचा. आणि कुठलंही मूल अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त रडलं तर आई आत. हा अर्ध्या मिनिटाचा नियम मावशींनी घातला आणि सरांनी लिहून घेतला. तरीही पहिल्या दिवशी बिनहाताचं मूल आत गेलं की मावशी खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहायच्या.

दीड वर्षाने निकाल आला. वर्गाने फरक पडत होता, पण घड्याळबाईला वाटला होता तेवढा नाही. हाताने बराच पडत होता. दोन्ही मिळून सगळ्यांत बरं. घड्याळबाईने कागद वाचला, आणि ज्या बाईने एकदा दोन दिवस मावशींशी बोलणं टाकलं होतं तिने माझ्यावर बसल्याबसल्या मावशींच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"माझा वर्ग अगदीच वाया नाही म्हणायचा."

"वाया कसा?" मावशी म्हणाल्या. "वर्गातून आया हसत बाहेर पडायच्या. मी बघत होते ना रोज."

अहवालात मावशींचं नाव घालायचं ठरलं तेव्हा आणखी एक गंमत झाली. कुणीतरी 'मावशी' असंच टंकलं होतं. मावशींनी ते खोडायला लावलं. "पुस्तकात मी कशी काय मावशी? वाचणारा काय माझा भाचा आहे? पूर्ण नाव घाला." पूर्ण नाव सांगितल्यावर कळलं, की केंद्रात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सर ओशाळले. त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि दोनदा विचारून वेलांटी दुरुस्त केली.

आता वर्गाचा एक दिवस मावशी घेतात. भाषण करत नाहीत. पालकांना माझ्याभोवती जमवतात आणि चार वाक्यं बोलतात. बाकी वेळ पालक एकमेकांचे हात काढत बसतात आणि हसतात. फार दिवसांत कुणी आपला हात असा काढलाच नव्हता, तशी ती मोठी माणसं हसतात.

माझं म्हणाल तर मी थकलोय, पण समाधानी आहे. खडू पुसून पुसून माझी मधली फळी पांढुरकी झाली आहे. गेल्या बुधवारी सर आणि आकडेबुवा एकदम येऊन आदळले आणि माझ्या उजव्या पायाला तडा गेला. नवा बाक आणावा असं कुणीतरी म्हणालं. घड्याळबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. त्यामुळे सध्या मी दुरुस्तीच्या दुकानात आहे. इथे भुसा आहे, डिंकाचा वास आहे, आणि शेजारी एक मोडकं कपाट आहे. ते फार कुरकुरतं.

मला हलवायच्या आदल्या दिवशी मावशींनी व्हरांड्यातल्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक चित्र चिकटवलं. चित्रात मी होतो, पायाला पट्टी बांधलेला. आणि जी मुलं आली त्यांना प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, "बाक पाय नीट करायला जाणार आहे. सोमवारी परत येणार." एका मुलीने विचारलं, "त्याला माहितीये का?" मावशी म्हणाल्या, "हो. मी सांगितलंय त्याला."

खरंच सांगितलं होतं. म्हणून मला इथे करमतंय.

तुम्हाला एवढंच सांगेन. कामाला जा, बाजारात जा, खुशाल जा. मुलाचं लक्ष नाही असं बघून मात्र सटकू नका. दोन मिनिटं रडेल, रडू दे. कुठे जाताय आणि कधी येणार ते सांगा, आणि सांगितलं तसे या. बाकी तुमचं मूल बघून घेईल.

चला, सुतार पाचर घेऊन आला. आज शनिवार, आणि मुलांना सोमवार सांगितलाय.